वीस दिनार आणि हजार दिनार

रोमन कायद्याचा एक शिक्षक होता, गायस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक गमतीचा प्रश्न आहे. खेळांसाठी तुम्ही माझ्याकडून ग्लॅडिएटर, म्हणजे रिंगणात लढणारे लढवय्ये, नेलेत. बोली अशी, की जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे २० दिनार आणि जो मेला किंवा कायमचा जायबंदी झाला त्याचे १,००० दिनार. आता हा व्यवहार भाड्याचा म्हणायचा की विक्रीचा? गायसचं उत्तर सरळ आहे: परतला तो भाड्याने नेलेला, मेला तो विकत घेतलेला. मंडपवाल्याच्या खुर्च्यांसारखंच. परत केल्या तर दिवसाचं भाडं, मोडल्या तर पुरी किंमत.

त्या काळी रोमन पायदळातल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार ३०० दिनार होता. म्हणजे रिंगणात एक माणूस मेला की खेळ भरवणाऱ्याच्या खिशातून शिपायाचा तीन वर्षांहून जास्त पगार गेला. (आपला ‘दिनार’ हा शब्दही याच रोमन नाण्यावरून, ‘डेनारियस’वरून, संस्कृतात आला आहे.)

हा पन्नासपट फरक डोक्यात ठेवून ‘स्पार्टाकस’ ही मालिका बघायला बसलं, की पहिल्या दोन-तीन भागांतच एक गोष्ट खटकते. इथे माणसं फार स्वस्तात मरतात.

आधी ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोमविरुद्ध बंड केलेल्या स्पार्टाकस या ग्लॅडिएटरची ही गोष्ट. अमेरिकेतल्या स्टार्झ वाहिनीवर जानेवारी २०१० मध्ये ही सुरू झाली आणि एप्रिल २०१३ मध्ये संपली. चित्रीकरण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, बहुतेक स्टुडिओत. आभाळ, डोंगर आणि प्रेक्षकांची गर्दी मागाहून संगणकावर भरलेली. एकूण भाग ३९: पहिल्या हंगामाचे १३, मग पूर्वकथेचे ६, नंतर १० आणि १०. पूर्वकथा काळाने आधीची असली तरी बघताना दुसऱ्या क्रमांकावरच ठेवा. पहिल्या हंगामातली गुपितं तिच्यात उघडी पडतात. तिसऱ्या टप्प्यापासून नायकाचा चेहरा बदलतो, कारण पहिला अभिनेता अँडी व्हिटफिल्डला कर्करोगामुळे भूमिका सोडावी लागली आणि लियम मॅकिन्टायरने ती घेतली. व्हिटफिल्ड सप्टेंबर २०११ मध्ये गेला. मालिका निव्वळ प्रौढांसाठी आहे. मारामारीपेक्षाही गुलामांवरचे लैंगिक अत्याचार बघणं जड जातं. विरार लोकलमध्ये मोबाइलवर बघायची तर मुळीच नाही. बोरिवली यायच्या आत शेजारच्या सीटवरून कोणीतरी खाकरेल.

विरारचा विषय निघालाच आहे तर जाता जाता: पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात सोपारा (विरारशेजारचा नालासोपारा) आणि कल्याण ही दोन्ही बंदरं नावानिशी आहेत. रोमन व्यापारी जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत होती, तेव्हा रोमच्या साम्राज्यात गावोगाव हे खेळ चालू होते.

आता रक्ताबद्दल. पडद्यावर मान कापली की लाल पडदाच उसळतो आणि थेट कॅमेऱ्याच्या काचेवर येतो. खरं रक्त किती उडेल, याचं गणित घरबसल्या करता येतं. रक्तदाब १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरेल एवढा दाब. पारा रक्ताच्या सुमारे पावणेतेरा पट जड. गुणाकार केला की दीड मीटर येतं. लढताना दाब २०० पर्यंत चढला असं धरलं तरी अडीच मीटर, आणि तेही धमनी सरळ वर तोंड करून उघडी पडली तर. शिवाय ती धार एकसंध नसते. हृदयाच्या ठोक्यागणिक उसळते आणि प्रत्येक ठोक्याला बुटकी होत जाते, कारण अंगात रक्तच पाच लिटरच्या आसपास. मालिकेतलं रक्त या नियमात बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही नाही. बरंचसं संगणकावर काढलेलं आहे. तेव्हा ‘किती खरं वाटतं’ हा प्रश्न रक्ताला विचारूच नये. रांगोळीतल्या मोराला पिसं किती, असं कोणी विचारत नाही.

संथगतीचंही तसंच. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. १२० चौकटींनी टिपलेला वार २४ ने दाखवला की पाचपट लांबतो. वार सुरू होताना नेहमीचा वेग, लागताना संथ, लागल्यावर पुन्हा नेहमीचा, अशी ही चाल. सुरुवातीला नजर बांधून ठेवते, सहाव्या भागापर्यंत सवय होते, आणि नंतर ती आली की कोण मरणार ते आधीच कळतं.

खरी गडबड हिशेबात आहे. जॉर्ज व्हिल या फ्रेंच इतिहासकाराने पहिल्या शतकातल्या १०० लढतींच्या नोंदी धरून मांडणी केली. २०० लढवय्ये उतरले, त्यांतले १९ मेले. म्हणजे लढतीला उतरणाऱ्या दहातला एकही पुरता नाही. पुढच्या शतकांत हे प्रमाण वाढलं, पण मालिकेत दिसतं तसं ‘दोघांतला एक मेलाच पाहिजे’ असं नव्हतं. इटलीतल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर लोकांनी खरडलेले निकाल शिल्लक आहेत. नावापुढे एकेक अक्षर: जिंकला, सोडला, मेला. त्यातली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार्कस अॅटिलियस हा नवखा, पहिलीच लढत. समोर हिलारस, १४ लढतींचा आणि १२ विजयांचा जुना जाणता. नवखा जिंकला. हिलारसपुढे अक्षर आहे ‘सोडला’. पुढच्या लढतीत अॅटिलियसने बारापैकी बारा जिंकलेल्या फेलिक्सलाही हरवलं, तोही सोडला. सिसिलीत फ्लामा नावाच्या लढवय्याचा थडग्याचा दगड सापडला आहे. तो वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. लढती ३४, त्यांत २१ जिंकल्या, ९ बरोबरीत सुटल्या आणि ४ वेळा हरूनही जिवंत परतला.

‘बरोबरीत सुटली’ हा शब्दप्रयोग कुस्तीच्या फडावरचा वाटेल, आणि ग्लॅडिएटरांचं जग समजायला तीच भाषा सर्वांत सोयीची आहे. लुडुस म्हणजे तालीम. लॅनिस्टा म्हणजे तालमीचा मालक आणि ठेकेदार. शिकवणारा तो वस्ताद. कोणाला कोणासमोर उभं करायचं ते ठरवणं म्हणजे जोड लावणं. आणि लढतीची रंगत निम्म्याहून जास्त जोड कशी लागली यावर, हे गावच्या जत्रेतल्या फडाला माहीत होतं तसं रोमलाही माहीत होतं. फरक हाच की तालमीतला पैलवान रात्री घरी जातो. इथे दाराला बाहेरून कडी.

फडावर पंच असतो तसा रिंगणातही असे. मोझेकच्या चित्रांत तो हमखास दिसतो: अंगात लांब पांढरा झगा, हातात लांब काठी, बरोबर साहाय्यक. त्याला ‘सुम्मा रुडिस’ म्हणत. काठी मध्ये घालून तो लढत थांबवायचा. पट्टा सुटला, ढाल पडली, की थांबवा. एकाने बोट वर करून हार मानली, की दुसऱ्याचा हात धरा आणि खेळ भरवणाऱ्याकडे बघा. बाजूला शिंगं आणि तुताऱ्या, कुठे कुठे पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गनही. हलगीशिवाय कुस्ती नाही, तसं हे. मालिकेत संगीत पाठीमागे भरपूर आहे, पण रिंगणातला पंच नाही. माझ्या मते ही या मालिकेची सर्वांत मोठी चूक. पंच काढला की खेळाचा खून होतो, आणि मग सगळ्या लढती खून म्हणूनच दाखवाव्या लागतात.

अंगठ्याचं काय, हा प्रश्न येतोच. जुव्हेनल या कवीने ‘वळवलेला अंगठा’ एवढंच म्हटलं आहे. वर वळवलेला की खाली, ते कोणीही लिहून ठेवलेलं नाही. अंगठा खाली म्हणजे मरण, हे चित्र आपल्या मनात बसवलं ते झां-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने, १८७२ मध्ये.

काळाची सरमिसळही पुष्कळ आहे. स्पार्टाकस इटलीतल्या कापुआच्या तालमीतून पळाला ते साल इ.स.पू. ७३. त्या वेळी सॅम्नाइट, गॉल आणि थ्रेशियन या तीन तऱ्हा ठाऊक होत्या, तिन्ही रोमच्या शत्रूंच्या नावांवरून. जाळं फेकणारा रेटिआरिअस, त्याच्या मागे लागणारा सेक्युटर, मोठ्या ढालीचा मुर्मिलो ही मंडळी पुढे सम्राटांच्या काळातली. दोन तलवारी घेऊन लढणाराही तसाच नंतरचा. मालिकेत मात्र नायक पुढे दोन तलवारींवर येतो आणि पूर्वकथेतला गॅनिकस तर पहिल्यापासूनच. कारण उघड आहे. ढाल टाकली की छाती दिसते, हात मोकळे होतात आणि पोस्टर चांगलं दिसतं. कापुआचं आज उभं असलेलं भव्य रिंगणही नंतरच्या काळातलं. दगडी रिंगणांतलं सर्वांत जुनं टिकलेलं पाँपेईचं, इ.स.पू. ७० च्या आसपासचं. खुद्द रोममध्ये तेव्हा भर चौकात लाकडी बाकं लावून खेळ होत, आणि कोलोसियम उघडलं इ.स. ८० मध्ये, म्हणजे स्पार्टाकसनंतर दीडशे वर्षांनी. मालिकेतली तालीम उंच कड्याच्या टोकावर आहे. खरं कापुआ सपाट, सुपीक मैदानातलं गाव. वस्तादाला सगळे ‘डॉक्टोरे’ म्हणतात, तेही लॅटिन व्याकरणात बसत नाही. हाक मारताना ‘डॉक्टर’च यायला हवं. पण भर रिंगणात ‘डॉक्टर!’ असं ओरडलं तर प्रेक्षक हसतील, हेही खरं.

आता ढाल. एवढा एक भाग समजला तर पुढची प्रत्येक लढत वेगळी दिसते.

नियम असा, की ढाल जिथे संपते तिथे पायाचं कवच सुरू व्हायला हवं. मुर्मिलोची ढाल मोठी, सुमारे एक मीटर उंच, पन्हाळीसारखी वळलेली, वजन सहा ते आठ किलो. हनुवटीपासून गुडघ्याखालपर्यंत सगळं झाकलं, म्हणून त्याला डाव्या पायावर एक आखूड कवच पुरतं. थ्रेशियनची ढाल लहान आणि चौकोनी, मोठीच्या निम्म्याहून हलकी. मग उरलेलं अंग झाकायचं कशाने? दोन्ही पायांवर मांडीपर्यंत चढणारी उंच कवचं आणि पायांना वरून जाडजूड गुंडाळलेलं कापड. दोघांचाही तलवारीचा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांनी बांधलेला. दोघांच्याही डोक्यावर तीन-चार किलोचं धातूचं शिरस्त्राण. सगळं मिळून अंगावर सोळा-अठरा किलो, आणि दोघांची बेरीज साधारण सारखीच. एकाला भिंत मिळाली, दुसऱ्याला चपळाई.

थ्रेशियनची तलवार वाकडी, कोयत्याच्या जातीची. ती तशी का, तर सरळ तलवारीने मोठ्या ढालीच्या मागे पोचता येत नाही. वाकडं पातं कडेवरून आत वळतं आणि पाठ किंवा खांदा गाठतं. मुर्मिलोची तलवार आखूड आणि सरळ, भोसकायला. तो ढाल पुढे ढकलत जागा खाणार. हा गोल फिरत कड शोधणार. आपल्याकडच्या फरी-गदक्यात फरी नुसती अंगाला लावून ठेवली तर वस्ताद ओरडतो, तेच इथेही. ढाल अंगापासून दूर धरायची, कारण समोरच्याचा वार जन्मतो तिथेच दाबायचा असतो.

मग छाती उघडी का? बहुतेक सगळ्यांची उघडीच असे. छातीवर पत्रा बांधणारा प्रोव्होकेटर हा अपवाद. हात-पाय-डोकं झाकल्याने किरकोळ जखमेने लढत आटपत नाही. बोट तुटलं, पोटरी फाटली, आणि पाच मिनिटांत खेळ संपला, असं पैसे खर्च करणाऱ्याला नको होतं. छाती उघडी ठेवल्याने धोका खरा राहतो आणि तो माणूस त्या धोक्यासमोर कसा उभा आहे ते लोकांना दिसतं. मालिकेत नेमकं उलट घडतं. डोकं, पाय, हात पुष्कळदा उघडे, कारण अभिनेत्याचा चेहरा दिसायला हवा. खऱ्या शिरस्त्राणात, निदान सम्राटांच्या काळातल्या, चेहरा पूर्ण झाकलेला असे आणि डोळ्यांपुढे जाळी. पडद्यावर तसं केलं तर नायक कोणता तेच कळणार नाही. ही सूट मी मालिकेला देऊन टाकतो.

जाळीवाला आणि त्याचा पाठलाग करणारा ही जोड तर निव्वळ यंत्रशास्त्र आहे. रेटिआरिअसकडे शिरस्त्राण नाही, ढाल नाही. डाव्या खांद्यावर पत्र्याचं एक उभं कवच, हातात त्रिशूल, कंबरेला खंजीर आणि कडांना शिसं ओवलेलं जाळं. अंगावर सगळं मिळून सात-आठ किलो. सेक्युटरच्या शिरस्त्राणाला ना पिसांचा तुरा ना रुंद किनार, अगदी गुळगुळीत, म्हणजे जाळं अडकत नाही. डोळ्यांची भोकं जेमतेम तीन सेंटिमीटरची, म्हणजे त्रिशूलाचं टोक शिरत नाही. पण त्याच भोकांमुळे त्याला बाजूचं काही दिसत नाही आणि आत हवा पुरत नाही. त्याला लवकर उरकायला हवं. जाळीवाल्याला मात्र दमवायचं असतं. तो पळतो, लोक हुर्यो करतात, आणि पळणं हाच त्याचा डाव असतो. जाळं फुकट गेलं तरी त्रिशूल दोन्ही हातांनी धरायची मोकळीक मिळते. मालिकेत जाळं पहिल्याच फेकीत गुंडाळतं किंवा फाटतं. ही दमछाक कुठे दिसत नाही.

तालमीच्या बाबतीत मालिका बरीच जवळ जाते. सराव खांबावर, लाकडी तलवारीने, हे बरोबर. खांब म्हणजे पालुस, जमिनीत घट्ट रोवलेला, सहा रोमन फूट उंच. त्याच्यावर डोकं, बरगड्या, गुडघे अशा जागा मानून वार करायचे, आणि वार करताना स्वतःचं अंग उघडं पडू द्यायचं नाही. व्हेजिटियस हा रोमन लेखक सैनिकांच्या सरावाबद्दल लिहितो त्यात लाकडी तलवार आणि वेताची ढाल खरीच्या दुप्पट वजनाची असे. आपला गदकाही लाकडीच असतो आणि फरीही सरावाची, पण जड करायची ही युक्ती तालमीतल्या मुद्गलाच्या जवळची. पुढे या खांबावरूनच दर्जा ठरला: अव्वल लढवय्या तो ‘पहिला खांब’, त्याखालचा ‘दुसरा खांब’.

खुराक मात्र पडद्यावरच्या शरीरांशी जुळत नाही. ग्लॅडिएटरांना चिडवायचं नाव होतं ‘जवखाऊ’. १९९३ मध्ये तुर्कस्तानातल्या एफेससला त्यांची दफनभूमी सापडली. हाडांच्या २०१४ च्या तपासणीत आहार मुख्यतः धान्य आणि कडधान्याचा निघाला, आणि हाडांत स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमसारखं मूलद्रव्य जास्त मिळालं. रोमन लेखक प्लिनीने लिहिलेलं राखेचं पाणी ते पीत असावेत, याला त्यातून दुजोरा मिळाला. सहा पाकळ्यांचं पोट घेऊन हे लोक हिंडत नव्हते. वर थोडी चरबी असली की उथळ वार तिथेच थांबतो. त्याच हाडांत भरून आलेल्या जखमा पुष्कळ आहेत, म्हणजे उपचार चांगले होते. गेलन हा पुढे नामांकित झालेला वैद्य इ.स. १५७ पासून पर्गमॉनच्या ग्लॅडिएटरांकडे नेमलेला होता. पुन्हा तेच हजार दिनार. एवढ्या किमतीचा माणूस चांगल्या वैद्याच्याच हवाली करतात.

मालिकेचं सर्वांत चांगलं काम तलवारीपाशी नाही, बाटियाटसच्या वहीत आहे. तालमीचा हा मालक कायम कर्जात, सावकाराला तोंड चुकवतोय, गावच्या बड्या लोकांच्या पंगतीला बसायची हाव आणि तिथे कोणी विचारत नाही. हे सगळं खरं धरून आहे. लॅनिस्टाचा धंदा कायद्याने आणि समाजाने हीन ठरवलेला; खेळ भरवणारा प्रतिष्ठित, खेळाडू पुरवणारा मात्र अस्पृश्यासारखा. जॉन हॅनाने ही लाचारी आणि कावेबाजपणा असा केला आहे, की पहिला हंगाम त्याच्यासाठीच बघावा. संवादांची भाषाही ध्यान देऊन ऐका. इंग्रजीतली आर्टिकलं गाळून, क्रियापदं उलटसुलट टाकून लॅटिनचा भास केला आहे. आर्टिकल नसलेल्या मराठीच्या कानाला ते फारसं विचित्र लागत नाही.

पळून जाण्याचा प्रसंग प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने दिला आहे: सत्तरच्या वर माणसं, हत्यारं स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया. मग व्हेसुव्हियस डोंगरावर रानवेलींच्या शिड्या करून कड्यावरून उतरणं आणि रोमन सेनापती ग्लॅबरच्या तीन हजार सैनिकांना पाठीमागून गाठणं. शेवट इ.स.पू. ७१ मध्ये, रोमन सेनापती क्रॅससच्या हाती. आप्पियन हा इतिहासकार सांगतो, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार जण क्रुसावर चढवले. पळणं पहिल्या हंगामाच्या शेवटी येतं आणि पुढचं तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात, पण तिथे मालिका युद्धपट होते आणि रिंगण सुटतं.

आता कॉलेजच्या एकांकिकेत असली लढत घेणाऱ्यांसाठी, कारण दर मोसमात कोणी ना कोणी हे करतंच. पैसा आणि वेळ तलवारीवर घालवू नका, ढालीवर घालवा.

साहित्य: चपलांच्या तळव्यांना वापरतात तो दहा मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम, १०० बाय ६५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, रबर-चामड्याला लावतात ते पिवळं सोल्यूशन, आणि साचा म्हणून दोनशे लिटरचं लोखंडी पिंप. पहिला तुकडा पिंपाला वळवून दोरीने आवळा. त्याच्या बाहेरच्या अंगाला आणि दुसऱ्या तुकड्याच्या आतल्या अंगाला सोल्यूशन लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटतं पण तार येत नाही, तेव्हा दोरी सोडून तुकडे मधून कडांकडे दाबत जोडा आणि पुन्हा आवळून रात्रभर ठेवा. वळणातच चिकटल्याने वळण पक्कं होतं. पिंपावरून काढल्यावर ढाल थोडी उघडते, ते हवंच. फसतं ते घाईने. मुंबईच्या पावसाळी हवेत सोल्यूशन सुकायला वेळ लागतो. ओलं असताना दाबलं तर तालमीच्या तिसऱ्या दिवशी कड उकलते. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो.

रंग थेट फोमवर लावला तर पहिल्याच टोल्याला पापुद्रे निघतात. आधी हीट गनने पृष्ठभाग हलका तापवून भोकं मिटवा, मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, प्रत्येक सुकल्यावर पुढचा, आणि वर अॅक्रिलिक. मूठ ढालीच्या मध्यावर, आडवी, एकच. बहुतेक जण मनगटाला आणि कोपराला दोन पट्टे बांधतात. त्याने ढाल हाताला शिवल्यासारखी होते आणि पुढे ढकलता येत नाही. पट्टे हवेच असतील तर ते कंबरेला. धारावीत चामड्याचा रुंद पट्टा मनासारखा कापून मिळतो. आणखी एक: अशी ढाल जेमतेम सव्वा किलोची होते आणि नट ती कागदासारखी फिरवतो. मुठीच्या मागे किलोभर वजन बांधा. हात आपोआप खरा चालायला लागतो.

लढत दीड मिनिटापेक्षा लांबवू नका. सात-आठ हालचालींचे तुकडे करा, पाव वेगात पाठ करा. तलवारीचं टोक समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे थांबलं पाहिजे. प्रत्येक वाराआधी नजरानजर, आणि समोरचा तयार दिसल्याशिवाय वार सुरू नाही. शिरस्त्राण घालणार असाल तर त्या भागात संवाद ठेवू नका, शब्द आतच राहतात. आणि पंच ठेवा, काठीसकट. तोच नट खालच्या आवाजात पुढची चाल सांगू शकतो आणि काही चुकलं तर खेळ न मोडता थांबवू शकतो.

रक्त: क्रॉफर्ड मार्केटात केकवाल्यांच्या सामानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. २०० ग्रॅम ग्लुकोज, ५० मिलिलिटर कोमट पाणी, एक चमचा कोको, एक ते दीड चमचा खायचा लाल जेल रंग, आणि टूथपिकच्या टोकाने निळा. कोको आधी पाण्यात मोडून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. कोको विसरलात तर गुलाबाचं सरबत होतं. पाणी जास्त झालं तर गुलाबी ओघळ. होळीचा रंग चुकूनही नको, तोंडात जातो. प्रकाशयोजना करणाऱ्याला आधी विचारा: लाल झोतात हे रक्त दिसेनासं होतं, निळ्यात काळं दिसतं. कपड्याच्या कोपऱ्यावर डाग पाडून धुऊन बघा. ग्रीन रूममध्ये डबा उघडा राहिला तर मुंग्या.

सांडायचं मात्र नाही. लाकडी रंगमंचावर हे मिश्रण म्हणजे केळीची साल, आणि पुढच्या संघाला रंगमंच कोरडा द्यावा लागतो. दहा मिलिलिटर पुरतं. तीन सेंटिमीटरचा स्पंजचा तुकडा त्यात भिजवून पातळ पिशवीत घाला, पिशवीला सुईने दोन भोकं पाडा आणि ढालीच्या आतल्या बाजूला, मुठीजवळ चिकटवा. वार ढालीच्या कडेवरून आत येतो, नट ढाल छातीशी ओढून स्पंज दाबतो. लोकांना अजून काहीच दिसलेलं नसतं. मग पंचाची काठी मध्ये येते आणि ढाल हळूहळू खाली जाते.